बॅरनची डावी बाजू

८ ऑक्टोबर १९९५, रविवार

गोरख माझ्या घोड्याला मारतो, असं मला वाटायला लागलंय. कुणाला सांगण्याइतकं ते पक्कं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

बॅरन माझ्याकडे श्रावणात आला. आपट्याच्या रस्त्याला धनेशचं फार्म आहे, तिथेच त्याचं ठाण. धनेशनेच त्याला जर्मनीहून मागवला होता. वॉर्मब्लड जातीचा, म्हणजे रेसच्या घोड्यासारखा तापट नाही आणि टांग्याच्या घोड्यासारखा मरगळलेलाही नाही. धनेशची हौस वर्षभरात फिटली आणि माझी सुरू झाली, म्हणून घोडा मी विकत घेतला. वडील नाशिकला पोलीस खात्यात होते, तेव्हा मी पोलिसांच्या घोड्यांवर बसायला शिकले होते. नंतरची सगळी वर्षं पनवेलकरांचे दात बघण्यात गेली.

ड्रेसाज शिकते म्हटलं की दवाखान्यातले लोक विचारतात, घोडा उडी मारतो का? नाही. मग पळतो? नाही. मग करतो काय? आखलेल्या चौकोनात, कडेने लावलेल्या अक्षरांच्या पाट्यांपाशी चालतो, दुडकतो, वळतो, थांबतो. आणि हे सगळं मी त्याला सांगतेय हे बघणाऱ्याला कळता कामा नये. एवढंच. एवढ्यासाठी माणसं जन्म घालवतात.

फार्मवर सगळे त्याला ‘बारक्या’ म्हणतात. माझ्या डोक्याच्या वर त्याची पाठ येते, तरी बारक्या.

आज सकाळी गोरख खोगीर घेऊन डावीकडून आला आणि बॅरन भिंतीला जाऊन धडकला. कान मागे, अंगाला थरथर. गोरख त्याचा मोतद्दार, म्हणजे घोड्याची देखभाल करणारा, पाताळगंगा नदीपलीकडच्या वाडीतला, पस्तिशीचा, अबोल. दिवसभरात चार शब्द बोलला तर खूप. मी ठाणात गेले, “काय रे राजा, काय झालं, कोण आलंय बघ,” असं नेहमीसारखं बडबडत. बॅरनने लगेच माझ्या खांद्यावर तोंड घासलं. मला तो कधीच बिचकत नाही. फक्त गोरखला.

जनावर खोटं बोलत नाही.

११ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी खलाटे सरांचा तास. सर फौजेतून रिसालदार म्हणून निवृत्त झालेत, आठवड्यातून दोनदा येतात, मैदानाच्या मधोमध खुर्ची टाकून बसतात. उजव्या हाताला फिरताना, म्हणजे बांबूचं कुंपण डावीकडे येतं तेव्हा, बॅरन सरळ चालत नाही. मान डावीकडे वाकवतो आणि अंग कुंपणापासून आत चोरतो.

“मॅडम, डावा हात सैल सोडा. तुम्ही ओढताय.”

“मी ओढत नाहीये, सर.”

“घोडा सांगतोय ना.”

मी ओढत नव्हते. घोडा बिघडला की बसणाऱ्याचा दोष काढायचा, ही फौजी पद्धत. गोरखबद्दल सरांना सांगावं की नाही? गोरखला इथे त्यांनीच लावून दिलंय. नाही सांगितलं.

फेब्रुवारीत मुंबईला हौशी स्वारांची स्पर्धा आहे. सर म्हणाले, नाव द्या.

२२ ऑक्टोबर, रविवार

आज मी न सांगता लवकर गेले. गाडी रस्त्यालाच ठेवली आणि गवताच्या गंजीआड उभी राहिले. हे लिहायला बरं वाटत नाही, पण केलं.

गोरख घोडा घासायचा खरारा हातात घेऊन ठाणाच्या दारात कितीतरी वेळ नुसता उभा होता. घोड्याकडे बघत. मग हळूच, पाय न वाजवता आत गेला. बॅरन एकदम उसळला. गोरखचा हात वर गेला, चेहऱ्यासमोर. मारलं नाही. तसाच दोन पावलं मागे आला आणि परत दारात उभा राहिला.

चोरपावलांनी का जायचं? मनात काही नसेल तर माणूस सरळ आत जातो. आणि हात उगारला तर होताच. मी आहे हे त्याला कळलं असेल.

२५ ऑक्टोबर, बुधवार

दिवाळी चालू आहे. काल सूर्यग्रहण, म्हणून दवाखाना बंद ठेवला. तसंही कोण येणार होतं. ग्रहण सुटल्यावर फार्मवर गेले. बॅरनच्या डाव्या डोळ्याखाली ओला पट्टा होता, पापणी अर्धी मिटलेली. परवा रात्री धनेशच्या माणसांनी ठाणाशेजारीच फटाके लावले होते, धूर गेला असणार. कोमट पाण्याने पुसून घेतला. गेल्या महिन्यातही असाच दोन-चार दिवस वाहत होता, आपोआप थांबला.

धनेशला फटाक्यांचं बोलले. हसून म्हणाला, “ताई, जर्मनीतपन फटाके फुटतात.”

मला तो हल्ली जास्तच हसतो असं वाटतं.

९ नोव्हेंबर, गुरुवार

गोरखच्या दंडावर काळानिळा डाग. विचारलं तर म्हणाला, “पडलो.” कुठे? “वाटंत.” सदऱ्याची बाही खाली ओढून घेतली.

पाण्याची बादली डावीकडच्या कोपऱ्यात ठेवलेली असते, ती आज परत लवंडलेली. चंदीचा तोबरा, म्हणजे दाण्याची पिशवीही तुडवलेली. चंदी खरंच घोड्याच्या पोटात जातेय की गोरखच्या घरी जातेय?

रात्री जेवताना अविनाशला सगळं सांगितलं. अविनाश माझा नवरा, तळोज्याला केमिकल कंपनीत आहे. त्याने आजवर घोड्याला हात लावलेला नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तू स्वतः मारताना बघितलंस?”

“नाही.”

“मग?”

“मग काय? प्रत्येक गोष्ट डोळ्यांनीच दिसावी लागते का?”

तो भात कालवत राहिला. काहीतरी बोलायचं होतं त्याला आणि बोलला नाही, हे मला कळतं.

१९ नोव्हेंबर, रविवार

डाव्या हाताने लिहिते आहे. उजवा गळ्यात आहे.

सकाळी उजव्या हाताला दुडकी छान चालली होती. कुंपणाच्या मधल्या टप्प्यावर आलो आणि डावीकडे काहीतरी धाडकन वाजलं. बॅरन तीरासारखा उजवीकडे उडाला. मी त्याच्या मागोमाग गेले नाही, कुंपणापाशीच राहिले. पडल्या पडल्या बांबूच्या फटीतून दिसली ती आमचीच मारुती. आणि तिच्या दाराशी अविनाश.

तो धावत आला, पांढराफटक पडला होता. खांदा निखळलेला नाही, नुसता मुकामार आहे. पण अविनाश तिथे काय करत होता? मला म्हणाला होता, रविवारची पाळी आहे. विचारलं तर म्हणतो, “सहज आलो होतो.” रविवारी सकाळी आपट्याच्या रस्त्याला सहज कोण येतं? धनेश लगेच खुर्ची घेऊन आला आणि त्याला अविनाशला बघून जराही आश्चर्य वाटलं नाही. म्हणजे तो पहिल्यांदा आलेला नाही.

ह्या दोघांचं काय चाललंय? अविनाशला घोडा नको आहे हे मला पहिल्यापासून माहीत आहे. माझ्या पाठीमागे धनेशला परत द्यायचं तर ठरत नाहीये?

२२ नोव्हेंबर, बुधवार

गोरखला काढलं.

खलाटे सर होते, धनेश होता. मी सगळ्यांसमोर विचारलं, “घोडा तुलाच का बिचकतो?”

गोरख खाली बघत होता. “म्हाईत नाय.”

“तू त्याला मारतोस.”

“नाय, बाय.”

“मग दंडावर तो डाग कसला होता? त्याने ढकललं ना तुला? उगाच ढकलेल का?”

तेव्हा त्याने मान वर केली. “त्यानं ढकललं. पन मी नाय मारलं. त्याचा माझ्यावर राग हाय. कशापायी, त्ये मला कललं नाय.”

“बघा सर,” मी म्हटलं, “राग आहे हे तोही मान्य करतो.”

 सरांनी टोपी काढली आणि परत घातली. गोरख ठाणात गेला, त्याचं पांघरूण आणि डबा घेतला. जाताना घोड्याकडे बघायलाही थांबला नाही. मनात माया असती तर थांबला असता.

संध्याकाळी कर्जतच्या फार्मवाल्यांना फोन करून सांगून ठेवलं. खोपोलीलाही. असा माणूस दुसऱ्या कुणाच्या जनावराच्या वाट्याला जायला नको.

३ डिसेंबर, रविवार

नवा मोतद्दार शिवा. तोंडाची टकळी सतत चालू. रेडिओवरची गाणी, बायकोच्या तक्रारी, घोड्याला शिव्या, सगळं एका दमात. “चल सरक रं महाराजा, पाय उचल, आरं उचल की.” खरारा करतानाही गातो आणि बेसूर गातो. बॅरन शांत उभा. डावीकडून, उजवीकडून, कुठूनही या.

आता कुणी मला पुरावा विचारावा.

अविनाशला हे सांगितलं. म्हणाला, “बरं झालं.” आवाजात बरं काही नव्हतं.

आज हात बरा होता म्हणून थोडं चालवलं. उजव्या हाताला अजून मान वाकडी. सवय लागली असेल, जाईल हळूहळू.

१७ डिसेंबर, रविवार

कळेनासं झालंय. आज शिवाला बॅरनने भिंतीवर दाबलं.

शिवाला चार दिवस खोकला आहे, घसा साफ बसलाय, खुणांनीच बोलतो. खोगीर घेऊन आला आणि घोडा उसळला. अगदी गोरखला बघून उसळायचा तसाच. कान मागे, अंगाला थरथर. मी समोर होते. शिवाने काही केलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण मी नसताना? चार दिवसांत काहीतरी घडलंय. शिवा तर धनेशनेच शोधून दिलेला.

एक मोतद्दार वाईट निघतो. दोन वाईट निघाले तर फार्मच्या मालकाकडे बघायला हवं. घोडा बिघडला, बाई वैतागली, की घोडा आयता परत. मग धनेशने त्याला नीट करून मुंबईच्या एखाद्या शेठला विकायचं.

२७ डिसेंबर, बुधवार

सरांना विचारलं, धनेशचं काय चाललंय हे तुम्हाला ठाऊक आहे का. ते खुर्चीवरून उठले.

“मॅडम, आधी गोरख झाला. मग शिवा. आता धनेश. त्या दिवशी म्हणालात, तुमचे साहेब पण त्यात आहेत. पुढच्या बुधवारी माझा नंबर.”

“तसं नाही सर.”

“तसंच आहे. तुम्ही बसता घोड्यावर आणि बघता माणसांकडे. खाली बघा. तोंडात लगाम टोचत असेल, पाठ दुखत असेल, दात वाढले असतील. तुम्ही तर दातांच्या डॉक्टर.”

राग आला. पण दात मी खरंच बघितले नव्हते, ही गोष्ट खरी आहे.

२ जानेवारी १९९६, मंगळवार

हे नीट क्रमाने लिहायचंय.

सकाळी दवाखान्यातला कपाळाचा दिवा घेऊन फार्मवर गेले. शिवाचा आवाज परत आलाय. त्याने बडबडत बॅरनची जीभ बाजूला धरली आणि मी दाढा तपासल्या. डावीकडे एक धार वाढलेली होती, फारशी नाही. लगामाची जखम नाही. मान वर केली, दिवा कपाळावर तसाच होता, आणि उजेड त्याच्या उजव्या डोळ्यावर पडला. त्याने डोळा मिटला आणि मान फिरवली. साहजिक आहे. मान फिरवली तशी डावी बाजू समोर आली आणि उजेड डाव्या डोळ्यात गेला.

काहीच झालं नाही. पापणी हलली नाही. बाहुली तेवढीच राहिली. आत, बाहुलीच्या मागे, दुधात नीळ टाकावी तसं काहीतरी होतं.

मी शिवाला गप्प राहायला सांगितलं. हात हळूच डोळ्याजवळ नेला, वारा लागणार नाही असा. बोटं अगदी पापणीशी गेली. त्याला पत्ता नाही. मग एका केसाला स्पर्श झाला आणि तो उसळून भिंतीला धडकला. मला. मला बिचकला.

“शिवा, बोल काहीतरी,” मी म्हटलं.

“काय बोलू, ताई?”

त्या दोन शब्दांनीच घोड्याचे कान पुढे आले.

मी तिथेच गवतात बसले. त्याला डावीकडचं दिसत नाही. माणूस बोलत आला तर कळतं, गप्प आला तर अंगावर काहीतरी कोसळतं. मी नेहमी बोलत जाते. शिवा गातो. आणि गोरख

पुढे लिहवत नाही.

४ जानेवारी, गुरुवार

मुंबईहून घोड्यांचे डॉक्टर आले. डावा डोळा गेला आहे. डोळ्याच्या आत सूज येते, आपोआप ओसरते, परत येते. दर वेळी डोळा थोडा वाहतो, थोडा मिटतो, आणि लोक म्हणतात धूळ गेली असेल. दर वेळी थोडी नजर जाते.

“सुरुवात कधी झाली असेल?”

“सांगता येणार नाही. वर्ष असेल. सहा महिने असतील.”

“मी घेण्याआधी?”

“बाई, त्याचं उत्तर डोळ्यात लिहिलेलं नसतं.”

“आणि उजवा?”

“आज उत्तम आहे. काहींचा राहतो, काहींचा जातो. रोज बघत जा.”

बसायला हरकत नाही म्हणाले. एका डोळ्याने घोडे खूप काही करतात, फक्त वरच्या माणसाला ते माहीत हवं.

५ जानेवारी, शुक्रवार

धनेशला विचारलं. सरळच विचारलं. तो नेहमीसारखा हसला नाही.

“ताई, मला म्हाईत असतं तर रूपाला त्याच्यावर बसवली असती का?”

रूपा त्याची मुलगी, सात वर्षांची. ती त्याच्यावर बसलेला फोटो ऑफिसात लावलेला आहे. मी तो फोटो आज जवळून बघितला. घोड्याची मान डावीकडे किंचित वळलेली आहे. की फोटोवालाच त्या बाजूला उभा होता? मी फोटो निरखतेय हे धनेश बघत होता.

त्याला माहीत होतं की नाही, हे मला कधीच कळणार नाही. आणि मी ते विसरणारही नाही.

अविनाशला रात्री म्हटलं, तू फार्मवर का जायचास ते आता सांग. तो म्हणाला, “तू पडशील म्हणून. कुंपणाबाहेरून बघायचो. सांगितलं असतं तर तू येऊ दिलं नसतंस.” मग थोड्या वेळाने, “आणि पडलीस ती माझ्याच दारामुळे.” इतके दिवस तो हे मनात घेऊन जेवत होता आणि मी त्याचा घास मोजत होते.

९ जानेवारी, मंगळवार

गोरखकडे गेले.

आपट्याहून नदी ओलांडून पलीकडे वाडी आहे. घर सापडलं, गोरख नव्हता. त्याची बायको हौसा भात कांडत होती. मला ओळखून तिने मुसळ खाली ठेवलं नाही.

“तलोज्याला बांधकामावर जातो. येल आता. बसा.”

अंगणातल्या खाटेवर बसले. तिने पाणी आणून ठेवलं आणि परत मुसळ उचललं.

गोरख आला तो केसांत सिमेंट घेऊनच. मी उभी राहिले. वाटेत शब्द जुळवून ठेवले होते, ते सगळे गेले. म्हटलं, “बॅरनचा डावा डोळा गेलाय. कधीचाच. त्याला त्या बाजूचं दिसत नाही. तू गप्प जायचास म्हणून तो घाबरायचा.”

त्याने हातातला डबा खाली ठेवला.

“म्हंजे मी त्याला दिसतच नव्हतो?”

“नाही.”

“राग नव्हता?”

“राग नव्हता.”

तो उंबऱ्यावर बसला. दोन्ही हातांनी तोंड पुसलं, सिमेंट डोळ्यांत गेलं असावं. हौसाचं मुसळ थांबलं होतं. ती म्हणाली, “रोज रातच्याला मला इचारायचा, मुक्या जनावराचं मी काय वाईट केलं. मी म्हनायची, मागल्या जन्माचं आसंल.”

मी म्हटलं, “गोरख, माझी चूक झाली. परत ये.”

“नाय, बाय.” लगेच म्हणाला, विचार न करता. “घोड्याचं समजलं. त्याला डोला नव्हता. तुमाला व्हते.”

त्याने केसांतलं सिमेंट झटकलं.

“मी कर्जतला गेलो व्हतो कामाला. खोपोलीला गेलो. दारातूनच परत लावला. तुमी सगल्यांना सांगितलंत ना, आता सगल्यांना सांगा. फोनवर नको. जाऊन सांगा.”

निघताना हौसाने विचारलं, दुसरा डोळा आहे ना शाबूत? मी हो म्हटलं. परत येताना गाडीत एक विचार आला तो लिहिते, कारण इथे खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय: त्याला परत यायचंच नाही, पगार वाढवून हवा असेल. हा विचार आला आणि माझी मलाच किळस आली. पण आला.

१८ जानेवारी, गुरुवार

कर्जत झालं, खोपोली झालं. तिळगुळाचा डबा सोबत नेला होता. कशाला नेला कोण जाणे, वाटला नाही कुठेच. कर्जतचे मालक म्हणाले, “बाई, तुम्ही तेव्हा फार खात्रीने बोलला होतात.” मी म्हटलं, हो. ते म्हणाले, “आताही खात्रीनेच बोलताय.” ते उपहासाने म्हणाले की नाही ते ठरवायचं नाही, असं ठरवलं.

खलाटे सरांना सगळ्यांत शेवटी सांगितलं, कारण तेच सगळ्यांत अवघड होतं.  ते म्हणाले, “मी पण तीन महिने तुमचा हातच बघत होतो. मान वाकडी दिसली, डोळा दिसला नाही. फौजेत असतो तर मला लीद काढायला लावलं असतं.” मग खुर्ची उचलून त्यांनी मैदानाच्या मध्यातून काढली आणि कुंपणापाशी डावीकडे नेऊन ठेवली. “चला. मी इकडून बोलत राहतो.”

२१ जानेवारी, रविवार

गोरख आला होता. कामावर नाही, घोड्याला बघायला. चांगला सदरा घातला होता, हौसा बरोबर होती.

मी आत गेले नाही. दारातूनच बघितलं, या वेळी लपून नाही. तो डावीकडून गेला. ठाणाच्या बाहेरच थांबून म्हणाला, “बारक्या. मी हाय.” बोलायची सवय नसलेल्या माणसाचा आवाज, एकदम मोठा निघाला. घोड्याने कान टवकारला आणि अख्खी मान वळवून त्याला उजव्या डोळ्याने बघितलं. निवांत बघितलं. गोरखने हात पुढे केला, मानेवर ठेवला आणि तसाच ठेवला.

जाताना म्हणाला, कर्जतवाल्यांनी बोलावलंय, पहिल्या तारखेपासून.

४ फेब्रुवारी, रविवार

मुंबईची स्पर्धा झाली. आयोजकांना डोळ्याचं आधीच कळवलं होतं. त्यांच्या डॉक्टरांनी तपासून हौशी गटात परवानगी दिली.

ड्रेसाजमध्ये स्वाराने तोंडाने आवाज करायचा नसतो. केला तर त्या त्या हालचालीचे गुण कापतात. सर काल म्हणाले, ठरवा तुम्ही. मी ठरवलं होतं. मैदानात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत मी बोलत होते. “आता वळायचंय राजा, डावीकडे फुलांच्या कुंड्या आहेत, कुंड्याच आहेत, आता माणसं बसलीत, खोकणारे आहेत, असू देत, सरळ, सरळ.” बॅरन कुंपणाच्या कडेने सरळ चालला. मान वाकवली नाही. मी हे वर बसून अनुभवलं, मला कुणी सांगायला नको.

शेवटून दुसरी आले. परीक्षक बाईंनी जवळ बोलावलं. “घोडा सुंदर चालला. तुम्हाला माहीत आहे ना, गुण का गेले?”

“हो.”

“नियम सगळ्यांना सारखा.”

“बरोबर आहे,” मी म्हटलं. त्यांच्या बोलण्यात मी दुसरं काही शोधलं नाही. अविनाशने कुंपणापलीकडून हात केला. तो आला की आता लांबूनच खाकरतो.

११ फेब्रुवारी, रविवार

रोज सकाळी दिव्याने उजवा डोळा बघते. शुक्रवारी ओलसर वाटला होता. धूळ असेल. ‘धूळ असेल’ या शब्दांवर माझा आता विश्वास नाही, म्हणून डॉक्टरांना फोन केला. मलम दिलंय. काल कोरडा, आज स्वच्छ.

पण उद्याचं सांगता येत नाही, म्हणून सरांनी आणि मी एक ठरवलं: उजवाही गेला तर नुसत्या आवाजावर चालायची सवय त्याला आत्तापासून लावायची. आज पहिल्यांदा त्याच्या उजव्या डोळ्यावर मऊ रुमाल बांधला. मी खाली उभी, दोर हातात, दुसऱ्या बाजूला शिवा. बॅरन ताठ झाला. नाकपुड्या फुगल्या, पाय मातीत रुतवल्यासारखे. त्याच्या मानेची शीर उडताना दिसत होती. आता भडकेल, दोर तोडेल, असं वाटून मी अंग आवरून उभी राहिले.

मग म्हटलं, “चल राजा. पुढे काही नाही. मोकळं आहे.”

त्याने बराच वेळ ऐकून घेतलं. मी परत म्हटलं. पुढे खरंच काही नव्हतं, पण हे त्याला कसं कळणार? त्याच्याकडे माझ्या आवाजाशिवाय काहीच नव्हतं. आणि ह्या आवाजाने काय काय सांगितलंय ते मला माहीत आहे.

डोळ्यांसमोर असा अंधार असताना कुणाच्या सांगण्यावरून मी पाऊल टाकलं असतं का? नसतं टाकलं. अविनाशच्याही नाही.

त्याने टाकलं.